कानपिळीला येणारा भाऊ

पहिल्याच भेटीत मी त्याचं रक्त काढलं. ते माझं कामच होतं. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या एका लॅबमध्ये सकाळी सात ते दुपारी तीन मी लोकांच्या शिरा शोधत बसायचे. बाहेर दोन दिवसांपासून झिमझिम लागली होती आणि तो खुर्चीत येऊन बसला तेव्हा त्याच्या केसांतून पाणी ओघळत होतं. चांगला सहा फुटी गडी, पण सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज ऐकला आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"मूठ आवळा," मी म्हटलं.

"आवळली."

"ती माझ्या एप्रनची बाही हाय. तुमची मूठ आवळा."

त्याने एक डोळा किलकिला केला, बाही सोडली आणि असा काही लाजला की मलाच हसू आवरेना. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "तुम्ही बोलत राहा... म्हणजे दुखणार न्हाई." रक्त निघून कापूस लावून झाला तरी स्वारी खुर्चीतून उठायला तयार नव्हती.

मग मी नाव-गाव लिहायला घेतलं. नाव रविकिरण. गाव लातूर, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांचं दुकान. 'लातूर' लिहिताना माझं पेन अडखळलं. तो गेल्यावर मी खिडकीतून त्याची मोटरसायकल दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

लातूर-उदगीरकडचा माणूस दिसला की मला असंच व्हायचं. कारण मी रामलिंगची बहीण होते.

आम्ही उदगीरचे. माझ्या अण्णाने, म्हणजे रामलिंगने, तिथे मोबाईलमधल्या कॉईनमध्ये पैसे गुंतवायची एक योजना काढली होती. लोक विचारायचे, लिहून काय देणार? तो गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायचा आणि शपथ घ्यायचा. इष्टलिंग हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही, हे आम्हा लिंगायतांत धरलेलंच असतं. त्यामुळे कागद कुणी मागितलाच नाही. उलट प्रत्येकाने आपल्या ओळखीतले आणखी दोघे आणले, कारण त्याचं वेगळं कमिशन मिळायचं. मग एका सोमवारी योजनेचं ॲप उघडेना आणि अण्णाही घरात नव्हता. पुढचे दिवस माणसं दारात उभी असायची. शिव्या आम्ही ऐकून घेतल्या. पण एका सकाळी उंबऱ्यावर पांढरं कापड आणि पसाभर मीठ ठेवलेलं सापडलं. आमच्यात मयत पुरतात, आणि पुरताना खड्ड्यात मीठ टाकतात. त्याच दिवशी अव्वाला, म्हणजे आईला, घेऊन मी नांदेडला आले. आडनाव सांगायचं बंद केलं, आणि कुणी विचारलं तर भाऊ नाही म्हणायचं ठरवून टाकलं.

आठ दिवसांनी रविकिरण पुन्हा हजर. म्हणे, शुगर बघायचीय.

"गेल्या गुरुवारी तर एकदम नॉर्मल होती."

"ह्या आठवड्यात लई गोड बोललो मी."

"कुणासंगं?"

"अजून कुणासंगं न्हाई. पण यायची तयारी करून राहिलो होतो."

असं म्हणून त्याने पुन्हा डोळे मिटले आणि हात पुढे केला. तिसऱ्या गुरुवारी मीच सांगितलं, की एवढं रक्त काढत बसले तर तुम्हालाच चढवावं लागेल, त्यापेक्षा चहा घेऊ. त्याला नांदेडला दर आठवड्याला माल पोचवायचा असतो, असं तो म्हणाला. मी विश्वास ठेवला आणि नाहीही ठेवला. बुधवारी संध्याकाळपासून मला धडकी भरायची, आणि गुरुवारी तो यायला उशीर झाला तर त्याहून जास्त धडकी भरायची. मला तो आवडायला लागला होता आणि मी त्याला भीत होते, दोन्ही एकदमच.

एकदा गोवर्धन घाटावर आम्ही एकाच छत्रीत उभे होतो. गोदावरी गढूळ होऊन पायऱ्या चढत होती. छत्री सगळी माझ्याकडे कललेली, त्याचा डावा खांदा चिंब. त्याने सहज विचारावं तसं विचारलं, तुला भाऊ किती? मी म्हटलं, एकही नाही. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माझ्यासाठी हळहळतोय.

दसऱ्यानंतर त्याची आई, बसम्मा, नारळ घेऊन आमच्या दोन खोल्यांत आली. "शरणार्थी," असा आमच्यातला नमस्कार करत तिने हात जोडले आणि अव्वाला रडूच कोसळलं. दोन वर्षांत आमच्या दारात हात जोडून कुणी आलं नव्हतं. सुपारी फुटली. तारीख ठरली. पाहुणे वळणापलीकडे गेले न गेले तोच अव्वा म्हणाली, "कान कोण पिळणार गं?"

लग्नात नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा असतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळा, अशी ती दटावणी. मग नवरदेव त्याला आहेर करतो. थट्टामस्करीचाच भाग, पण अव्वाला त्यावाचून लग्न पुरं वाटेना. अण्णा पंधरा दिवसांतून एकदा वेगवेगळ्या नंबरवरून तिला फोन करायचा. तिने त्याला तारीख सांगून टाकली. तो म्हणाला, कानपिळीला येतो, मामेभाऊ म्हणून उभा राहीन. त्याला येऊ नको म्हणून सांगणार होते. पण अव्वाचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसले.

लग्नाला नऊ दिवस उरले आणि रविकिरण लग्नाआधीच्या तपासण्यांसाठी लॅबमध्ये आला. मी थट्टा करत पट्टा बांधला, शीर शोधली, सुई घातली. नळीत रक्त उतरायला लागलं. आज पहिल्यांदाच त्याने डोळे मिटले नव्हते. तो माझ्याकडे बघत होता.

"मंजू... तुझ्या अण्णाला कानपिळीला येऊ देऊ नको."

"कोण अण्णा?"

"रामलिंग."

सुई त्याच्या हातात, नळी भरत आलेली, आणि माझ्या कानात नुसता गुंई आवाज. हाताने सवयीने आपलं काम केलं. सुई निघाली, कापूस बसला. "दाबून धरा," असंही मी म्हटलं. त्याने दाबून धरलं आणि खालच्या आवाजात सगळं सांगितलं.

ते अकरा जण होते. सगळे अण्णाने बुडवलेले. म्होरके व्यंकटराव गुरुजी, भोकरचे निवृत्त मास्तर. पैसे गेले आणि त्यांच्या बायकोचं औषधपाणी अर्ध्यात थांबलं, ती गेली. रविकिरणचे वडील, शंकरप्पा, तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हते. अण्णा कुठे लपलाय ते सापडेना, पण बहीण नांदेडच्या लॅबमध्ये आहे एवढं गुरुजींनी शोधून काढलं. बहिणीचं लग्न निघालं की भाऊ बिळातून बाहेर येणार, असा हिशेब. अकरांत बिनलग्नाचा आणि आमच्या समाजातला एकटा रविकिरणच होता.

"म्हणजे पहिल्या दिवशी आलात, ते पण ठरवून?"

"हाव."

"आणि सुईची भीती?"

"ती खरी हाय."

हसू यायला हवं होतं, आलं नाही. मी विचारलं, अण्णा आला तर काय करणार आहेत? तो कापसाकडे बघत म्हणाला, "नुसतं बोलायचं हाय म्हणतात. भोकरजवळ एक गोदाम घेतलंय."

"आणि?"

"दोन पोती मीठ आणून ठेवलंय."

मी स्टुलावर बसले. बाहेर कुणीतरी पेशंटचं नाव पुकारत होतं, ते मला दुसऱ्या गावातून ऐकू आल्यासारखं वाटलं.

"घाटावर तू भाऊ न्हाई म्हणलीस ना," तो म्हणाला, "तवा कळलं, तू पण आमच्यासारखीच भिऊन जगून राहिलीस. त्या दिवसापासून माझं काही खोटं न्हाई, मंजू. आईला पण सगळं सांगितलंय. ती म्हणली, सुपारी फुटली म्हणजे शब्द दिला. आता ही पोरगी आपली."

पोलिसांकडे का गेला नाहीत, असं मी विचारलं. त्याने मान खाली घातली. कसं जाणार? प्रत्येकाने आपापल्या हाताखाली दोघे आणले होते, कमिशन घेतलं होतं. रविकिरणने स्वतःच्या सख्ख्या मामाला आणलं होतं. तक्रार दिली तर आधी आपल्यालाच आत टाकतील, या भीतीने अकराही जण गप्प होते. मी त्याला निघायला सांगितलं. माझा आवाज इतका शांत निघाला की तो मुकाट्याने उठला.

पुढचे तीन दिवस मला घास गिळवेना. अण्णाला येऊ नको म्हटलं तर तो जगेल, पण जन्मभर असाच लपून, आणि ते दहा जण रविकिरणला फितूर म्हणून धरतील. येऊ दिलं तर मीठ. मला अण्णाचा राग होता, भयंकर राग होता. लिंग हातात घेऊन तो खोटं बोलला होता. पण शाळेत असताना माझं दप्तरही त्यानेच वाहिलं होतं. त्याला कुणी खड्ड्यात घालावं, हे मला सोसणार नव्हतं.

त्याचा पुढचा फोन आला तेव्हा अव्वाच्या हातून मी घेतला. गोदाम, अकरा माणसं, मीठ, सगळं सांगितलं. आणि मग म्हटलं, "अण्णा, तू लग्नाला आलास तर मी तुला हाताला धरून ठाण्यात नेणार. न्हाई आलास तर मला भाऊ न्हाई." मग फोन कट झाला.

रविकिरणलाही मी हेच कळवलं. तो म्हणाला, "म्हणजे... लग्न हाय?"

"ते त्याच दिवशी सांगते."

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता. कार्यालयात शेदीडशे माणसं असतील, पण मला दुसऱ्या रांगेतली ते दहा जणच दिसत होते. कुणी सरबताला हात लावला नव्हता. मधोमध व्यंकटराव गुरुजी बसले होते, पांढरं धोतर, मांडीवर कापडी पिशवी. फाटकाशी त्यांची जीप तोंड रस्त्याकडे करून उभी होती. अक्षता पडल्या तेव्हा रविकिरणने माझा हात धरला. त्याचा हात माझ्याइतकाच गार होता.

"कानपिळीला भावाला बोलवा," लग्न लावणारे जंगमस्वामी म्हणाले.

कुणी उठलं नाही. अव्वा दाराकडे बघत होती. मनातल्या मनात मी म्हणत होते, येऊ नको. आणि त्याच दमात म्हणत होते, ये. मग स्वयंपाकघराच्या बाजूने एक दाढी वाढलेला, वाळलेला माणूस आत आला. मला ओळखायला क्षणभर वेळ लागला. अण्णा. चालताना तो कुणाकडे बघत नव्हता.

दहा खुर्च्या एकदम सरकल्या. दोघे दाराकडे गेले आणि ते लावून उभे राहिले. एकजण पुढे झेपावला, तेवढ्यात गुरुजींनी हात वर केला.

"थांबा," ते म्हणाले. "मान हाय त्याचा. कान पिळू द्या आधी."

अण्णाने रविकिरणचा कान धरला. "बहिणीला सांभाळा," एवढं बोलून त्याने हात सोडला, आणि तोच हात मी मनगटाला धरला.

"गुरुजी, ह्याला मी ठाण्यात नेते. तुम्ही सगळे पण चला. हाताखाली कोण कोण आणले, ते पण सांगा."

"आम्हालाच आत टाकतील, पोरी. सोड त्याला."

"न्हाई सोडत. न्यायचं असंल तर मला पण न्या. मीठ पुरंल दोघांना."

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. मिठाचं मला ठाऊक असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. रविकिरण माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, कपाळावर बाशिंग तसंच. "पहिलं नाव माझं लिहू द्या," तो म्हणाला. "मामाला मी आणलं होतं."

गुरुजी कितीतरी वेळ अण्णाकडे बघत राहिले. अण्णा रडत होता, आवाज न करता. शेवटी गुरुजींनी पिशवी काखेला मारली आणि दारातल्या दोघांना म्हणाले, "उघडा."

आमची वरात ठाण्यात गेली. अर्धा किलोमीटर, भर दुपारी, चालत. पुढे मी आणि रविकिरण गळ्यात हार घालून, मध्ये अण्णा, मागे ते दहा जण. बँडवाल्यांना वाटलं वरातच निघाली, त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि त्यांना थांबवायचं कुणाला सुचलंही नाही. रिक्षावाले हसून वाट देत होते. मला मात्र पाठीमागच्या प्रत्येक पावलाचा आवाज ऐकू येत होता. आता कुणीतरी खेचेल, आता जीप आडवी येईल. साहेबांच्या टेबलापाशी पोचेपर्यंत मी अण्णाचं मनगट सोडलं नाही. सोडलं तेव्हा त्यावर माझ्या चार बोटांचे वळ उठले होते.

जबाब लिहिता लिहिता पाच वाजले. अकराही जणांनी आपापली नावं सांगितली, कुणाला आणलं तेही सांगितलं. पुढे काय होईल, साहेबांनाही सांगता येईना. अण्णाला आत नेताना तो मला म्हणाला, अव्वाला जेवायला घाल. एवढंच. पण तो जिवंत होता, आणि त्या दिवशी मला तेवढं पुरे होतं.

बाहेरच्या बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. हारातली फुलं सुकून गेली होती. रविकिरणने बाशिंग काढून मांडीवर ठेवलं होतं.

"त्याच दिवशी सांगते म्हणली होतीस," तो म्हणाला. "दिवस संपत आला."

आत अण्णा होता, कार्यालयात अव्वा उपाशी असणार होती, आणि उद्यापासून कोण काय म्हणेल याचा नेम नव्हता.

"मला भीती वाटते अजून," मी म्हटलं. "लई वाटते."

"कुणाची?"

"सगळ्यांची. तुमची सोडून."

त्याने माझा हात हातात घेतला. ठाण्यातली माणसं बघत होती, बघू दे म्हटलं. मग आम्ही उठलो आणि अव्वाला जेवू घालायला कार्यालयाकडे निघालो.