माशांचा पंप

देवाशप्पथ, आणि माझ्या उरलेल्या चार दातांची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

शहाण्णव साल. माझी नात शलाका इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दुपारी तीनला प्रोजेक्ट द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. आणि ही सकाळी खंडेराव मार्केटजवळ माशांच्या दुकानात भांडतेय! पेटीत हवा सोडायचा शेवटचा पंप एका उंच मुलाच्या हातात.

"माझे मासे मरतील हो!"

"माझं वर्ष मरेल!"

तो तिच्या पिवळ्या डागांच्या बोटांकडे बघत राहिला... "तासभर देतो. पण मी बरोबर येणार."

असा तो मुलगा, कुशल, आमच्या घडियाळी पोळीत, म्हणजे आमच्या गल्लीतल्या घरी आला.

प्रोजेक्टच्या तांब्याच्या बोर्डावर शलाकानं नेलपॉलिशनं सर्किटच्या रेघा काढलेल्या. फेरिक क्लोराइडचं पाणी बाकीचं तांबं खातं. पण नुसतं ठेवलं तर फार वेळ लागतो, तोवर पॉलिशच सुटतं. एक बोर्ड तसाच वाया गेलेला, हा शेवटचा. म्हणून बुडबुडे सोडून पाणी हलतं ठेवायचं. अकरापर्यंत झालं तरच पुढे भोकं पाडून पार्ट जोडता येणार.

नळी सोडली. बुडबुडे नाचायला लागले.

"झालं ने? येतो मग," कुशल आपल्या गुजराती वळणानं म्हणत उठला. शलाका नुसती चिमट्यानं बोर्ड ढोसत राहिली.

आणि – लाइट गेली!

"नळी काढा! पाणी पंपात शिरेल!" शलाका ओरडली.

कुशलनं नळीचं पंपाकडचं टोक उपटून सरळ तोंडात धरलं.

"ओढू नका हं, फक्त फुंका!"

"ओढलं तर?"

"जीभ जन्मभर पिवळी!"

त्याचा दम संपला की शलाका नळी चिमटीत दाबायची. "आता मी," म्हणाली, आणि त्याच नळीला तोंड लावलं... तो कानापर्यंत लाल! पावणेअकरा. मधोमध तांब्याचा एक डाग हटेचना. एका रेघेची कड सुटायला लागली. शलाकाचे डोळे भरले.

"रडू नका, बोर्डाकडे बघा," तो म्हणाला.

"तुम्ही माझ्याकडे बघताय, मग बोर्डाकडे मीच बघतेय!"

फुंकर... अजून एक... डाग गेला. रेघा शाबूत!

"पुढच्या बोर्डाला पंप नको आणूस," कुशल हळूच म्हणाला. "मी येईन."

"नुसतं फुंकायला?"

"जन्मभर."

"पगार मिळणार नाही."

"चालेल ने!"

प्रोजेक्ट वेळेत गेला, मासे जगले, मार्गशीर्षात लग्न लागलं.

बरं, एक गोष्ट मात्र रचलेली. लाइट गेली नव्हती. पोरगा "येतो मग" म्हणाला ना... तेव्हा फ्यूज मीच काढला.