सूची नसलेली मुलगी

“सावनी, देवमासा श्वास कसा घेतो?” डॉ. वैजयंती धांडे यांनी विचारले.

निरीक्षण-कक्षातल्या खुर्चीवर बसलेल्या नऊ वर्षांच्या सावनीने डोळे मिटले आणि सुरुवात केली. “मनोगत. समुद्रातील जीवसृष्टीवरील हे पुस्तक बालवाचकांच्या हाती देताना आम्हांला अतिशय आनंद होत आहे. चित्रांसाठी सहकार्य करणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार...”

शेजारी उभ्या असलेल्या डॉ. कुंदा वानखडे यांना हसू आवरेना. वैजयंतीबाईंना मात्र हसणे जमण्यासारखे नव्हते, कारण खुर्चीवर बसलेली मुलगी त्यांची स्वतःचीच होती. शेवाळ, शिंपले, खेकडे अशी मजल दरमजल करत सावनी देवमाशापर्यंत पोचली, तोवर तिचा आवाज बसला होता.

अमरावतीच्या या संस्थेत ज्ञानरोपणाचे तंत्र विकसित झाले होते. पुस्तकातला मजकूर सूक्ष्म विद्युत्स्पंदांच्या रूपाने थेट मुलांच्या स्मृतीत उतरवायचा. वर्षभरात मूठभर मुलांच्या डोक्यात कपाटभर माहितीपर पुस्तके उतरली होती. दुसऱ्यांची लेकरे प्रयोगाला घ्यायची आणि आपले घरी ठेवायचे, हे वैजयंतीबाईंना पटणारे नव्हते. म्हणून पहिल्याच तुकडीत त्यांनी सावनीला बसवले. आता सगळ्या मुलांची एकच तऱ्हा झाली होती. सगळे येते, पण पहिल्या पानापासून. सावनीने तर शाळेत हात वर करणेच सोडून दिले होते.

कुंदाताई बालवाचनाच्या अभ्यासक, वैजयंतीबाईंची कॉलेजपासूनची मैत्रीण. त्यांना मुद्दाम बोलावून घेतले होते.

“वैजू, यांच्या पुस्तकांतली अनुक्रमणिका कुठं गेली?” त्यांनी विचारले.

“गाळली. स्मृतीत जागा मोजकी असते, म्हणून मजकूर आधी पुनरुक्ति-गाळणीतून जातो. जे पुस्तकात दुसरीकडे आलेलं आहे, ते ती काढून टाकते. अनुक्रमणिका, मथळे, शेवटची सूची, यांतला प्रत्येक शब्द आत कुठंतरी असतोच नं.”

“आणि मनोगत?”

“ते दुसरीकडे कुठं येत नाही. म्हणून राहिलं.”

“वा गं वा! पाहुण्यांचे आभार ठेवले अन् घराची दारं काढून टाकली!” कुंदाताई म्हणाल्या. “मग रोप की आता सूची.”

“तेच तर जमत नाही. मजकूर प्रत्येकाच्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी रुजतो, त्याच्या स्वतःच्या आठवणींना बिलगून. एकाची सूची दुसऱ्याला लागू पडत नाही.” वैजयंतीबाईंचा आवाज खाली आला. “संस्थेची समिती म्हणते, दिवाळीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर रोपण पुसून टाका. पुसलं तर त्याला बिलगलेलं सगळं वर्ष जाईल, कुंदा. माझे बाबा याच वर्षी गेले. तिला सायकल त्यांनी शिकवली, तीही याच वर्षी.”

कुंदाताईंनी मैत्रिणीच्या पाठीवर हात ठेवला. “दुसऱ्याची चालत नसेल तर ज्याची त्यानं करायची. ते शिकवता येतं.”

दुसऱ्या दिवशी कक्षात सतरंजी आली आणि तिच्यावर कागदी पुस्तकांचा ढीग. “वाटाण्याला कीड का पडते, शोधा! पहिल्या पानापासून वाचेल तो बाद!” मुले तुटून पडली. कुंदाताई सांगत होत्या, “अनुक्रमणिका म्हणजे वाढलेलं ताट. चटणी इकडे, भाजी तिकडे, एका नजरेत दिसतं. आणि सूची म्हणजे, जिरं कुठल्या डब्यात आहे ते विचारायचं, अन् नेमका तोच डबा उघडायचा.”

पुढे पुस्तके बाजूला ठेवून डोळे मिटायचा खेळ सुरू झाला.

“सावनी, ‘मीठ’ म्हटलं की कुठं जातेस?”

“समुद्राच्या पुस्तकात. आणि आजोबांकडे. ते कैरीला मीठ लावून द्यायचे.”

“मग दोन्हीकडे खूण कर.”

दिवाळीच्या तोंडावर समिती आली. अध्यक्षांनी देवमाशाच्या श्वासाचे विचारले. “फुप्फुसांनी. डोक्यावरच्या छिद्रातून,” सावनी म्हणाली आणि गप्प बसली. ना मनोगत, ना आभार. बाकीची मुलेही तशीच धडाधड बोलली. समितीने रोपण न पुसण्याच्या निर्णयावर तिथल्या तिथे सह्या केल्या. वैजयंतीबाईंनी सगळ्यांसमोर डोळे पुसले आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटली नाही.

सगळे गेल्यावर त्या लेकीजवळ बसल्या. “मलाही खेळू दे की. ‘आजोबा’?”

“कैरी. सायकल. खोकला.” सावनी डोळे मिटून म्हणाली.

“आणि ‘आई’?”

“आई : पाहा ‘प्रयोगशाळा’.”

“अजून?”

सावनीने मनापासून शोधले. “एवढंच आहे गं.”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जे आत असते तेच सूची दाखवते, तिला रुसणे माहीत नसते. म्हणूनच ते जास्त लागले. वैजयंतीबाईंनी हे तंत्र स्वतः घडवले होते. खाडाखोड करून ही नोंद बदलणार नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नोंद वाढायला आत पाने वाढावी लागतात, आणि ही पाने कुठल्याही यंत्राने उतरवता येणार नव्हती.

त्यांनी पांढरा कोट खुंटीला अडकवला. “चल घरी. तुझी सायकल काढू.”

“तुला येते?”

“नाही. तू शिकव.”

कॉलनीच्या मागच्या मैदानात सावनी सीट धरून पळत होती. “पुढे बघ आई, पुढे! खाली नको!” आजोबांचेच शब्द होते ते. वैजयंतीबाई कडुनिंबापर्यंत गेल्या आणि धाडकन पडल्या. गुडघा चांगलाच सोलवटला. सावनी धावत आली, आधी घाबरली, मग आई हसतेय असे पाहून खो खो हसत सुटली.

हसता हसता तिने क्षणभर डोळे मिटले.

“सायकल,” ती पुटपुटली, “आजोबा. आई.”