शीतलआजीच्या हाडाची डागडुजी

हाडं मजबूत करणारी गोळी दहा वर्षं घेणाऱ्या शीतलआजीचं हाडच कसं दुखेल? मिहिकाला हे कोडं सुटत नव्हतं. पण फुगडीच्या तालमीत आजी उजवा पाय चोरून टाकते, हे तिनं पाहिलं होतं.

"आजी, मांडी दुखतेय ना?"

"हळू बोल! बायकांनी ऐकलं तर मंगळागौरीच्या चमूतून काढतील मला. आणि हाडांची गोळी चालू आहे माझी. मुरगळलं असेल."

मिहिका हळू बोलणाऱ्यांतली नव्हती. संध्याकाळी आजी कुरकुरत आरोग्य केंद्रातल्या पलंगावर आडवी झाली. ठोकळ्या नावाच्या यंत्रमानवानं तिच्या दोन्ही मांड्यांवरून हात फिरवला आणि हवेत दोन चमकती हाडं उमटली.

"उजवं हाड बाहेरच्या बाजूला किंचित कमानीसारखं वाकलंय. कमानीवर उंचवटा आहे आणि उंचवट्यात बारीक चीर."

"मोडलं?" आजीचा आवाज एवढासा झाला.

"अजून नाही. फुगडीत मोडलं असतं." ठोकळ्याला गोड बोलायला कुणी शिकवलंच नव्हतं.

"पण गोळी?" मिहिका म्हणाली.

"घर रंगवण्याआधी काय करतात?"

"जुने पोपडे खरवडतात."

"हाडातही तसंच चालतं. अस्थिभक्षी पेशी (जुनं हाड खरवडणाऱ्या) आधी येतात, मग अस्थिजनक पेशी (नवं हाड रचणाऱ्या). आजींना ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होण्याचा आजार) होता. खरवडणं फार नि रचणं कमी. म्हणून गोळीनं खरवडणाऱ्यांना आवरलं."

"बरंच केलं की!"

"हो. पण फार वर्षं आवरलं, तर बारीक चिराही तशाच राहतात. शेवग्याची शेंग वाकवलीस, तर कुठे तडकते?"

"बाहेरच्या बाजूला."

"चालताना मांडीच्या हाडाची तीच बाजू ताणली जाते. चीर तिथेच पडते आणि तिच्याभोवती उंचवटा येतो. असं क्वचितच होतं. पण आधी मांडी दुखते, आणि ते सांगायचं असतं."

आजीनं छताकडे पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर फडतरे आल्या. "शीतलताई, पाच वर्षांनी तपासायला या म्हटलं होतं ना?"

"गोळ्यांचा डबा दर महिन्याला आपोआप भरून यायचा हो. मला वाटलं, हाडं ठीक आहेत, तुम्हाला कशाला त्रास!"

"गोळीनं तुमचा मणका वाचवला, तिला नावं ठेवू नका. फक्त आपल्या मनानं ती बंद करायची नाही, तशी चालूही ठेवायची नाही. आता थांबवू. तिचा असर काही काळ टिकतो. डावा पाय ठीक आहे. उजव्यावर भार नको. कुबड्या घ्या, फुगडी नाही."

"ऑपरेशन?"

"चीर वेळेवर सापडली. बहुधा लागणार नाही."

आजीनं एवढा मोठा सुस्कारा सोडला, की ठोकळ्यानं तिचा श्वास पुन्हा मोजला.

मंगळागौरीला ती खुर्चीत बसून सगळ्यांवर ओरडत गाणी म्हणाली. चमूतून कुणी काढलं नाही. काढायची हिंमतच नव्हती. दिवाळीनंतर हवेत पुन्हा हाड उमटलं. कमान तशीच होती, पण चीर भरून आली होती. आजीनं मिहिकाला इतकं घट्ट धरलं, की ती गुदमरली.

"ठोकळ्या," सुटका झाल्यावर मिहिकानं विचारलं, "कधी थांबायचं ते स्वतःच ओळखणारं औषध नाही का?"

"अजून कुणी शोधलेलं नाही."

"का?"

"ते काम करणारं माणूस मिळालं नसेल. तुझं वय किती?"