बल्लारशाच्या अलीकडे

रोज बातम्या लिहिणं हे माझं काम. दुजोरा मिळाल्याशिवाय मी ओळ पुढे पाठवत नाही. हे जे लिहितोय ते खरं आहे. माझी बायको मोहिनी साक्षीला होती.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. हिंगणघाट. आमच्या शेजारचंच घर.

तिथे माझी शकुकाकू एकटी राहायची. तिचा एकुलता एक मुलगा धनंजय बंगळूरला नोकरीला. घरचं माणूस गावाला निघालं, की ते पोचेपर्यंत आमच्याकडे घर झाडत नाहीत. झाडलं तर माणूस वाटेतच राहतं, असं काकू म्हणायची.

पूर्वी धनंजय रेल्वेने जायचा. हजारावर किलोमीटर. दुपारच्या गाडीत बसला, की वाटेत बल्लारशा स्टेशन लागायचं, आणि दुसऱ्या दुपारी पोचायचा. पुढे तो नागपूरहून विमानाने जाऊ लागला. दोन तासांच्या आत बंगळूर.

काकूला ते कधी पटलंच नाही. 'पोचलो' असा त्याचा फोन आला, तरी ती झाडूला हात लावत नसे.

"इतक्या लवकर कुठी पोचते का माणूस? तो अजून बल्लारशाच्या अलीकडंच असन."

दुसऱ्या दुपारीच झाडायची. आम्ही हसायचो.

काकू गेली. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धनंजय विमानतळाकडे निघाला. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "आता मले कोण विचारते, पोचलो का म्हणून."

दुपारी त्याचा फोन आला. खोलीवर पोचलो, म्हणाला.

मोहिनीने लगेच काकूचं घर झाडलं. केर बाहेर टाकून कुलूप लावलं.

दिवेलागणीला मी तिथे दिवा लावायला गेलो. कुलूप जसंच्या तसं होतं.

आत पाऊल टाकलं आणि पायाखाली... करकरलं.

सगळ्या फरशीवर केर होता. पत्रावळींचे तुकडे, तांदळाचे दाणे, धूळ. मोहिनीने टाकलेलाच... हाताने सारखा पसरावा तसा.

मी धनंजयला फोन लावला. त्याने उचलला. मागे रेल्वेचा खडखडाट...

कुठे आहेस, मी विचारलं.

"गाडीत." आवाज झोपेतल्यासारखा. "डब्यात मी एकलाच आहो, दादा. बल्लारशा येतच नाई. कवाची गाडी चालून राह्यली... येतच नाई."

फोन तुटला.

त्याच्या शेजारच्या खोलीत एक मित्र राहतो. त्याला बघायला पाठवलं. मित्राने सांगितलं, धनंजय पलंगावर बसलाय. पायांत बूट, मांडीवर बॅग. हाक मारली तर ऐकत नाही.

आम्ही केराला हात लावला नाही. दार ओढून घेतलं. मोहिनी आणि मी जागेच राहिलो. पुन्हा फोन लावायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दुपारी त्याचाच फोन आला.

"पोचलो, दादा."

आवाज नेहमीचा होता. मोहिनी रडायला लागली. मला वाटलं, सुटलो.

मग त्याने विचारलं...

"आई घरी आली का?"

मी खिडकीतून काकूच्या बंद दाराकडे बघितलं.

"रात्री आई माह्या बाजूले येऊन बसली. तवा कुठी बल्लारशा आलं. तिथं उतरली. म्हणे, आता तू जाशीन, मी परतते. आई पोचेपर्यंत घर झाडू नोका, दादा."

बल्लारशाहून हिंगणघाट रेल्वेने दोन तासांचीही वाट नाही.

आता फाल्गुन लागलाय.

काकूचं घर अजून तसंच आहे, न झाडलेलं.