टाळ्यांच्या आधीचं ‘या, बसा’

सोमवारी ‘कामोमे’ बंद असतं, म्हणून सोमवार ठरला.

उत्तर जपानातल्या ओतारूच्या कालव्यामागे एका दगडी गोदामात तातेवाकी मास्टरांचं हे जॅझ कॉफीघर आहे. इथे गिऱ्हाइकानं कॉफी प्यायची, तबकडी ऐकायची आणि तोंड बंद ठेवायचं. बोलणाऱ्याच्या टेबलावर मास्टर न मागता बिल आणून ठेवतात. स्पीकरांना स्वच्छ वीज मिळावी म्हणून त्यांनी दारात स्वतःचा वेगळा विजेचा खांब रोवून घेतलाय. छप्पर मात्र गळतं ते गळतंच. मी सापोरोत जुन्या तबकड्यांचा धंदा करतो, त्यामुळे अशी माणसं मला कळतात. ती वेडी नसतात. आधी कुठे खर्च करायचा आणि नंतर कुठे, एवढाच त्यांचा क्रम वेगळा असतो.

मला बोलावलं होतं त्यांच्या मुलीनं, चिनात्सुनं. बाबांना सापोरोला स्वतःच्या फ्लॅटवर न्यायचं तिनं मनावर घेतलं होतं. मास्टरांचा उजवा गुडघा गेलेला, हातात काठी आलेली आणि गोदामाच्या पायऱ्यांवर चार महिने बर्फ. पण तिनं विषय काढला की उत्तर ठरलेलं: “फुमिए इथे आहे.”

फुमिए म्हणजे चिनात्सुची आई. पन्नास वर्षांपूर्वी एका त्रिकुटाचं वादन याच खोलीत ध्वनिमुद्रित झालं. दुसरी धून संपत आली होती, पियानोचा शेवटचा सूर अजून हवेत होता, आणि दाराची घंटा वाजली. काउंटरमागे उभ्या फुमिएला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं, पण दार उघडलं की कॉफीघरातल्या बाईच्या तोंडून जे निघायचं ते निघालंच. “या, बसा.” मग टाळ्या. कंपनीनं तबकडी तशीच काढली. कोण आलं होतं हे कुणालाच आठवत नाही. त्याच हिवाळ्यात फुमिए न्यूमोनियानं गेली. चिनात्सु तेव्हा रांगतही नव्हती. आईचा आवाज म्हणून तिच्या वाट्याला आलेत ते हे दोन शब्द.

यंदा कंपनीनं मूळ टेपवरून तीच मैफल सुपर ऑडिओ सीडीवर, म्हणजे साध्या सीडीहून जास्त बारकावे उतरणाऱ्या चकतीवर, काढली आणि चिनात्सुला वाट दिसली. तबकडीतलं सगळं या चकतीत असेल, तर आई फ्लॅटवरही येऊ शकते. मास्टर ऐकायला तयार झाले, पण अट घातली. यंत्रं पडद्याआड ठेवायची आणि काय वाजतंय ते सांगायचं नाही.

“साध्या सीडीत तुझी आई डबाबंद माशासारखी लागते,” ते म्हणाले.

“बाबा, आधी ऐका. मग नावं ठेवा.”

“आणि हा सेगावा तुझ्याच बाजूचा. मी इथून हललो की तबकड्या याच्या दुकानात.”

“तुम्ही नाही हललात तरी मीच घेणार, मास्टर,” मी म्हटलं. “फक्त जरा उशिरा.”

ते खुदकन हसले आणि मधल्या खुर्चीत, दाराकडे पाठ करून बसले.

तबकडी, साधी सीडी आणि ही नवी चकती, मी तिन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करून घेतला. एखादा जरा जरी मोठा असला तरी कान त्यालाच मत देतात. माणसांच्या बाबतीतही तसंच होतं, पण तिथे मीटर नसतो.

आधी तबकडी लावली. बारीक चरचर, तिच्याखाली बासचा उबदार, लाकडी आवाज. घंटा. “या, बसा.” टाळ्या.

“तबकडी,” मास्टर म्हणाले. “हे लहान पोरही सांगेल.”

मग सीडी. चरचर गेली, सगळे सूर भांग पाडल्यासारखे नीट वेगळे झाले. घंटा. “या, बसा.” टाळ्या.

“घंटेची शेपटी कापलीय. सीडी.”

चिनात्सुनं माझ्याकडे पाहून तोंड वाकडं केलं. “सूप जास्त गरम झालं तर कळत नाही यांना, आणि घंटेची शेपटी कळते.”

तिसरी चकती लावली. आता चरचरही नव्हती आणि कापाकापीही नव्हती. खोली पाठीमागे लांबवर उघडली. काउंटरवरच्या स्टोव्हची फुरफुर ऐकू आली. पियानोचा शेवटचा सूर विरता विरेना.

घंटा. बुटांवरचा बर्फ उंबऱ्यावर झटकल्याचा आवाज.

“या, बसा.”

मग लाकडी जमिनीवर टक. आणि पाय घासत पुढे आल्याचा आवाज. पुन्हा टक.

“किती जण?”

टाळ्या.

“हे आधी नव्हतं,” चिनात्सु म्हणाली.

“तबकडीत चरचरीखाली दबलं असेल,” मी म्हटलं. “सीडीत वरचे बारीक सूर कापले जातात. यात सगळं उतरतं.” बोलताना मला ते पटतही होतं. फक्त, आदल्या दिवशी घरी मी हीच चकती लावून पाहिली होती. तेव्हा घंटेनंतर ‘या, बसा’ आणि टाळ्या, एवढंच होतं. पण माझे स्पीकर लहान आहेत.

चिनात्सुचे डोळे भरले होते. “आई आणखी बोलली. बाबा, आणखी दोन शब्द बोलली!”

मास्टर हातातल्या काठीकडे पाहत होते. “त्या दिवशी मी टेपच्या यंत्रापाशी होतो,” ते हळूच म्हणाले. “धावत जिने चढायचो तेव्हा.”

“परत लावा, सेगावासान.”

“नको,” मास्टर म्हणाले.

मी हात आखडला. ती स्वतःच पडद्याआड आली आणि तिनं बटण दाबलं.

घंटा. बर्फ. काठी.

“किती जण?”

स्पीकरांतून थकलेला, ओळखीचा, मास्टरांचाच आवाज, अगदी जवळून:

“दोघं. मुलगी मागून येतेय.”

टाळ्या सुरू व्हायच्या आत खोलीतली वीज गेली. मास्टर भिंतीपाशी, मोठ्या बटणावर हात ठेवून उभे होते.

“चल,” ते म्हणाले. “सापोरोला. आज.”

“पण बाबा, आई—”

“आजच. आणि यातलं काही बरोबर घ्यायचं नाही. ही चकती तू पुन्हा ऐकायची नाहीस. शब्द दे.”

तिनं खेळणं हिसकावलेल्या पोरीसारखं रुसत शब्द दिला. पन्नास वर्षं ज्या खोलीतून ते हलले नव्हते, तिथून कोटाची बटणंही न लावता बाहेर पडले. पायऱ्यांवर त्यांनी मुलीला पुढे चालायला लावलं.

तबकड्या माझ्याकडे आल्या. त्यांच्यात ती चकतीही होती.

मे महिन्यात मास्टर फ्लॅटवर झोपेतच गेले. अंत्यविधीनंतर चिनात्सुचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “ती चकती आहे का हो अजून?”

“विकली,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि दुकानातच, भर दुपारी, ती लावली. बाहेर ऊन होतं. दोन गिऱ्हाइकं खोक्यांतून तबकड्या चाळत होती.

घंटा. बर्फ. “या, बसा.” काठी.

“किती जण?”

“एकटाच आलोय.”

मी बंद करायला हात पुढे केला. काउंटरमागची बाई नेहमीच्या, मऊ आवाजात म्हणाली:

“काही घाई नाही. तिची जागा धरून ठेवते.”