चौकटीवरची धाकटी

जुनं लाकूड घरात घ्यायचं तर आधी त्याच्यावरून रंधा फिरवायचा, हा सुताराच्या वडिलांचा नियम. "आधीच्या माणसांचा हात उतरवून टाकावा," ते म्हणायचे. सुताराने तो जन्मभर पाळला आणि मोडला नेमका स्वतःच्या घरासाठी. म्हणतात ना, दिव्याखाली अंधार!

टेकडीवरचं ते घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. उंच छतं, रंगीत काचांच्या खिडक्या, दिवाणखान्यातून वर जाणारा वळणाचा जिना. पाडायला काढलं तेव्हा लाकूडकाम उतरवायला सुतारालाच बोलावलं. जिना वाळवीने खाल्लेला, हात लावताच त्याचा भुगा झाला. पण जिन्याच्या वरच्या टोकाला, खोलीच्या दाराला होती ती चौकट खणखणीत सागवानी. सुताराचा जीवच जडला तिच्यावर.

चौकटीच्या आतल्या अंगाला, पांढऱ्या रंगाखाली, चाकूने कापलेल्या आडव्या खुणा होत्या. मुलांच्या उंचीच्या. तीन ओळी. दोन वरपर्यंत गेलेल्या, तिसरी सुताराच्या कमरेच्या जरा वर येऊन थांबलेली.

"ती धाकटी," तिथला म्हातारा माळी म्हणाला. "माझा आजा सांगायचा. तापाने फणफणली, म्हणून या खोलीत ठेवली. सारखी म्हणायची, मला खाली यायचंय. कुणी येऊ दिलं नाही, तिथेच संपली. पुढे ते कुटुंब गेलं, दुसरी आली, तीही गेली. पण ही खोली काही कुणी वापरली नाही बघ."

चौकट घरी आली. सुताराने रंधा हातात घेतला, तर बायको आडवी आली. "राहू द्या हो त्या खुणा! किती छान दिसतात. आपल्या ठेंगीचीही उंची त्यांच्यातच मांडू."

ठेंगी म्हणजे त्यांची लेक. उशिरा झालेली, एकुलती एक, अंगाने लहानखुरी. दोघांचा जीव तिच्यात गुंतलेला. तिने ते घर कधी पाहिलं नव्हतं, आणि धाकटीची गोष्ट तिच्या कानावर कुणी घातली नव्हती.

चौकट ठेंगीच्या खोलीला बसली. ठेंगी पाठ टेकून उभी राहिली. सुताराने तिच्या डोक्यावर काटकोनी गुण्या आडवा धरला, खूण कापायला पटाशी टेकवली, तर धार धाकटीच्या शेवटच्या खुणेतच जाऊन बसली. वेगळी खूण करावीच लागली नाही.

"जोडीदारीण मिळाली की गं तुला!" बायको हसली.

वर्षाने पुन्हा उंची मांडली. पटाशी त्याच खुणेत.

"माझ्या भावावर गेलीय," बायको म्हणाली. "तोही उशिरा वाढला. आणि वाढला तो असा, की अजून प्रत्येक दारात कपाळ आपटतो."

सुतार हसला. पुढच्या वर्षी त्याला हसू आलं नाही. फ्रॉक तेच, चपलाही त्याच. डॉक्टर म्हणाले, दोष काहीच नाही. लेक मात्र गप्प गप्प होत चालली, तासन्‌तास त्या दारात बसून राहू लागली. आपलं पोर असं थांबलं कुठे, या विचाराने सुताराला घास गोड लागेना.

एका दुपारी तिरपं ऊन चौकटीवर पडलं, तेव्हा त्याला दिसलं. धाकटीच्या शेवटच्या खुणेच्या वर, बोटभर अंतरावर, आणखी एक खूण होती. तिच्याही वर आणखी एक.

लेकीचाच खोडसाळपणा, असं म्हणून त्याने बोट फिरवलं. नवा काप सुताराला डोळे मिटूनही कळतो. हे काप जुने होते. कडा झिजलेल्या, आत मळ बसलेला, वरून तोच जुना पांढरा रंग.

त्याने रंधा आणला.

"अहो, झालं तरी काय?" बायको विचारत राहिली. तो वरून खाली रंधत आला. सालपटं पायाशी पडत गेली. शेवटच्या खुणेवरूनही हात मारला. लाकूड कोरं झालं, आणि मग त्याच्या लक्षात आलं.

ती खूण एकट्या धाकटीची नव्हती, ठेंगीचीही होती.

तो आत धावला. लेक अंथरुणात उठून बसली होती, अगदी धडधाकट. त्याने तिला छातीशी धरलं.

त्यानंतर ती भराभर वाढू लागली. बायको फ्रॉकची दुमड उसवताना आनंदाने रडायची. "देव पावला हो!" सुतारही रडला.

एका सकाळी तो पडवीत फळी रंधत होता. लेक खोलीच्या दारात आली. उंबऱ्यावर थांबली. एक हात बाजूला हवेत धरला, कशाचा तरी आधार घेतल्यासारखा. दुसऱ्या हाताने फ्रॉक उचलला आणि पाय पुढे घालून खालची पायरी चाचपू लागली. पाऊल सपाट फरशीला लागलं तशी ती दचकली.

"ये की गं, ठेंगे," सुतार म्हणाला.

तिने मागे वळून पाहिलं, खोलीत दुसरं कुणी आहे का म्हणून. मग त्याच्याकडे पाहिलं.

"इथला जिना तुम्ही काढलात का?" ती म्हणाली. "मला खाली यायचंय."