हिरव्या उजेडातला हात

ऐंशी-एक्क्याऐंशीची गोष्ट. मी तेव्हा नागपुरात कॉलेजला फिजिक्स शिकवायची. आमच्या लॅबमधल्या श्रीधरनं एक यंत्र जुळवलं होतं. एका दुपारी ते सायकलरिक्षात घालून आम्ही दोघं दवाखान्यात निघालो. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, पण मी मजेत होते. आमची खटपट आज कुणाच्यातरी उपयोगी पडणार होती ना!

तो कुणीतरी म्हणजे मारोतराव, नागपूरजवळच्या खाप्याचा विणकर. सूत उकळायच्या हंड्याची वाफ अंगावर आलेली. डोळ्यांवर पट्टी, उजवा हात उघडा आणि पांढराफटक. त्याला स्पर्श करायला सक्त मनाई.

सर्जन म्हणाले, "बोटांत रक्त खेळत असेल तर हात ठेवतो. नसेल तर उद्या कापावा लागेल."

विणकराचा उजवा हात! मला गलबलून आलं.

यंत्र तसं साधं. हिरवा उजेड लुकलुकत कातडीवर पाडायचा. आत रक्त असलं की ते कणभर तापतं, फुगतं आणि बारीक आवाज करतं. वर टांगलेला माइक तो दुरूनच ऐकतो. आम्ही पंखा बंद केला, खिडकीवर घोंगडी टाकली. खोलीत स्पिरिटचा वास कोंडला.

उजेड मनगटावर पाडला, तशी आमच्या दोघांच्या हेडफोनमध्ये गुणगुण आली. वा! बोटांवर आले... काहीच नाही. दिवा उचलताना हात हलला, आणि गुणगुण एकदम भरून आली.

उजेड आता बोटांवर नव्हताच. बोटांच्या वर, रिकाम्या हवेत होता.

"माइक गंडला," श्रीधर हसला. त्यानं काजळी फासलेला कागद उजेडात धरला. नीट वाजला, म्हणजे माइक ठीक होता. भिंतीवर उजेड टाकला, गप्प. मी दिवा परत हातावर आणून हळूहळू सरकवला. आवाज... खंड... आवाज... असे चार. मग जरा बाजूला आणखी एक, जाडसर.

श्रीधरचं हसू मावळलं. "बोटं आहेत ही," तो पुटपुटला. "दुसऱ्या कुणाची तरी..."

तेवढ्यात मारोतराव बोलला, "भीमे, सोड ना वं हात आता. मॅडम तपासून राहिल्या."

"मी तं आत्ताच येऊन राहिली," दारातून आवाज आला. त्याची बायको भीमाबाई, हातात डबा, उंबऱ्यातच थबकलेली.

"मंग सकायपासून माहा हात कोनं धरला वं...?"

हवेतली ती गुणगुण हळूहळू खाली, त्याच्या हाताकडे उतरली, उतरत गेली, आणि मारोतरावाची बोटं वाजू लागली. एक एक करून पाचही! मी घाबरलेही होते आणि आनंदानं रडतही होते. खरं सांगते, दोन्ही एकदम.

हात वाचला. संक्रांतीला मारोतराव स्वतः विणलेलं लुगडं घेऊन माझ्या घरी आला. "आता कोनी धरत नाही जी," म्हणाला आणि हात जोडले. मला इतका आनंद झाला की मीच त्याचा उजवा हात माझ्या हातात घेतला. छान ऊबदार होता.

मग तो गेला, जिना उतरला, फाटकाबाहेर पडला. माझ्या हातावरची पकड काही सुटली नाही.

आता सवय झालीय. वाईट नाही हो, सोबत वाटते. फक्त तुम्ही जरा डावीकडे सरकून बसा. या बाजूला जागा नाही.